मज्जारज्जूतील गाठ

आपल्या पाठीच्या कण्यातून करंगळीएवढी एक दोरी जाते. तिला मज्जारज्जू म्हणतात. पाऊल उचलणे, काटा बोचल्याचे कळणे, सारे तिच्यावर अवलंबून. या दोरीला गाठ झाली तर ती काढायची कशी?

लंडन, ९ जून १८८७. एका लष्करी अधिकाऱ्याचे दोन्ही पाय लुळे पडले होते. आतले दाखवणारे यंत्र नव्हते. क्ष-किरण सापडले ते १८९५ साली. दुखणे कुठे सुरू झाले, बधिरता कुठवर चढली, एवढ्यावरून विल्यम गॉवर्स यांनी जागा सांगितली. व्हिक्टर हॉर्स्ली यांनी तिथला कणा उघडला, तर गाठ नाही! आता जखम शिवून टाकायची काय? त्यांनी आणखी वरचे हाड काढले आणि गाठ सापडली. रोगी पुढे चालू लागला, कामालाही लागला.

पण ती गाठ रज्जूच्या बाहेर होती. रज्जूच्या आत, आणि तीही रक्तवाहिन्यांचीच असली तर? अशी गाठ विरळा. १९२६ साली स्वीडनच्या आर्विद लिंडाऊ यांनी दाखवले, की लहान मेंदूतल्या असल्या गाठी आणि डोळ्याच्या पडद्यावरल्या गाठी एकाच रोगाची रूपे आहेत. हा रोग घराण्यात उतरतो. १९२८ साली कुशिंग आणि बेली यांनी या गाठीला 'हिमॅन्जिओब्लास्टोमा' हे नाव दिले.

हिच्यात सुरी घातली की रक्ताचा पूर येतो. शेतात पाट चालू ठेवून मोरी बुजवली तर काय होईल? पाणी तुंबेल, बांध फुटेल. इथेही तसेच. म्हणून रक्त आणणाऱ्या धमन्या आधी बंद करायच्या, रक्त नेणारी नीला अगदी शेवटी. आणि गाठ न फोडता अखंड बाहेर काढायची. हे नुसत्या डोळ्यांचे काम नव्हे. झुरिकच्या यासरगिल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अशा १२ रोग्यांच्या गाठी काढल्या व १९७६ साली तो अनुभव प्रसिद्ध केला.

आज एम.आर.आय.मध्ये गाठ आधीच दिसते. १९९३ साली त्या आनुवंशिक रोगाचे जनुक सापडले. २०२१ साली अमेरिकेत त्यावर गोळीही मंजूर झाली. पण अशा घराण्यातल्या माणसाला एक गाठ काढली तरी दुसरी होऊ शकते. मग चालत्याफिरत्या माणसाच्या रज्जूला आजच हात लावायचा, की पाय जड होईपर्यंत थांबायचे? हॉर्स्लींना गाठ शोधावी लागली. आजच्या शस्त्रवैद्याला ती समोर दिसते, आणि तरीही रोग्याशेजारी बसून हा प्रश्न सोडवावाच लागतो.