नावलौकिक आणि अनुरूपता : महाविद्यालय-निवडीची शंभर वर्षे

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून जी चर्चा सुरू होते, ती पुष्कळशी स्थळे पाहण्यासारखीच असते. एका बाजूला 'घराणे', म्हणजे महाविद्यालयाचे नाव; दुसऱ्या बाजूला आपल्या मुलामुलीला ते मानवेल का, हा प्रश्न. सुवर्णमहोत्सवी वर्षात मागे वळून पाहताना सांगली-कोल्हापूर परिसरातील या दोन निकषांचा इतिहास जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी पदवीसाठी कोल्हापूरचे संस्थानी राजाराम महाविद्यालय किंवा पुण्याचे फर्ग्युसन (१८८५) गाठावे लागे. फर्ग्युसन ही डेक्कन एज्युकेशन सोसायटीची खाजगी संस्था. तिचे नाव सर्वतोमुखी होते. परंतु खेड्यातील शेतकरी किंवा व्यापारी जैन कुटुंबासमोरचा पहिला प्रश्न वेगळाच असे : मुलगा राहील कोठे आणि सूर्यास्तापूर्वी जेवेल कोठे? स्तवनिधी येथे १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने (आजची दक्षिण भारत जैन सभा) वसतिगृहांचे कार्य हाती घेतले, ते याच निकडीतून. मुंबईत १९१५ साली सुरू झालेल्या महावीर जैन विद्यालयाने तेथील श्वेतांबर विद्यार्थ्यांची हीच अडचण दूर केली. त्या पिढीसाठी अनुरूपता म्हणजे वसतिगृह होते. पुढे १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले आणि पुण्याचा लौकिक आपल्या दाराशी आला.

तथापि समाजाचे वसतिगृह प्रत्येकाला मानवलेच असे नाही. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकत असता तेथील जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. जातिभेदाविरुद्ध घेतलेल्या भूमिकेमुळे त्यांना ते सोडावे लागले. औपचारिक शिक्षण अपुरे राहिलेल्या याच कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह त्यांनी साताऱ्यात उभारले. १९४७ साली तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. 'कमवा आणि शिका' या योजनेने गरीब मुलाला परवडणारी वाट दाखविली. आपल्याच एका विद्यार्थ्याला न मानवलेल्या व्यवस्थेतून केवढी मोठी परंपरा जन्मास आली, हे आपण विनम्रतेने स्मरावे.

सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची कथाही बोधप्रद आहे. १९४७ मध्ये ते 'न्यू इंजिनिअरिंग कॉलेज' म्हणून सुरू झाले; १९५५ मध्ये त्यास सोलापूरचे सुपुत्र उद्योगपती शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव देण्यात आले. पहिल्या वर्षी मुलांना तेथे पाठविणाऱ्या पालकांसमोर कोणताही पूर्वलौकिक नव्हता. लौकिक नंतर आला. तो अध्यापकांनी आणि त्या पहिल्या विद्यार्थ्यांनी घडविला.

मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत, १९८३ मध्ये, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटले. कोल्हापूरची के. आय. टी. त्याच वर्षीची. इचलकरंजीची डी. के. टी. ई. वस्त्रनिर्माण संस्था १९८२ ची. यंत्रमागांच्या गावी वस्त्र-अभियांत्रिकी, हे अनुरूपतेचे उत्तम उदाहरण होय. आता मात्र निवडीत शुल्क हा तिसरा निकष आला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने 'मोफत' व 'सशुल्क' जागांची व्यवस्था घालून दिली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती मोडीत निघाली. १९९४ मध्ये 'नॅक' स्थापन झाली, २०१६ पासून केंद्र शासनाची राष्ट्रीय क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली, आणि लौकिकाला आकड्यांचे रूप आले. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यावर जैन अल्पसंख्याक संस्थांतील जागांचा पर्यायही कुटुंबांच्या विचारात आला.

या इतिहासाचा एक कटू भागही नमूद केला पाहिजे. मुलाच्या बाबतीत आपण 'नाव' पाहिले आणि त्यासाठी कर्ज काढले. प्रसंगी शेतही विकले. मुलीच्या बाबतीत मात्र 'जवळचे बरे, तिला तेच मानवेल' असे म्हटले. अनुरूपता हा शब्द कित्येकदा तिच्या गुणांचे मोजमाप नव्हता. तिला घराजवळ ठेवण्याची ती सबब होती. त्याचप्रमाणे प्रतिष्ठेच्या हट्टापायी न झेपणाऱ्या शाखेत ढकललेला मुलगा वर्षामागून वर्षे मागे पडत गेला, हेही आपण पाहिले आहे. एकाच्या बाबतीत नाव आणि दुसरीच्या बाबतीत अंतर, अशी दोन मापे वापरल्याने दोघांचेही नुकसान झाले.

अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या समाजाने एकाच बाजूने पाहून निर्णय घेऊ नये. क्रमवारी अवश्य पाहावी. परंतु तेथे शिकविणारे कोण, शुल्क फेडताना घर मोडणार तर नाही ना, आहार-निवासाची सोय काय, आणि मुख्य म्हणजे विद्यार्थ्याची स्वतःची ओढ कोठे आहे, हेही विचारावे. हेच प्रश्न मुलासाठी आणि मुलीसाठी सारखेच विचारावेत. शिष्यवृत्ती देताना आपल्या विश्वस्तांनीही केवळ महाविद्यालयाचे नाव न पाहता हे प्रश्न विचारले, तर पुढील पन्नास वर्षांचा पाया अधिक भक्कम होईल.