कस्तुरबांचं छोटं टेबल

पुण्यात नगर रस्त्यावरून खराडीला जाताना आगाखान पॅलेस लागतो. आम्हा आयटीवाल्यांसाठी ती फक्त ट्रॅफिकची एक खूण. पण ऑगस्ट १९४२ नंतर दीड वर्ष तिथे एका वृद्ध बाईची खालावत चाललेली तब्येत तुरुंगातल्या माणसांनी सांभाळली. त्या होत्या कस्तुरबा गांधी. त्यांच्या राजकारणावर भरपूर लिहिलं गेलंय. मला त्यांच्या आजारपणाविषयी बोलायचंय.

बा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. छातीचं जुनं दुखणं होतंच, त्यात १९४३ च्या अखेरीस हृदयाचे झटके आले. डॉक्टर जवळच होते : डॉ. सुशीला नय्यर आणि मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर. दोघेही कैदीच. पण डॉक्टर दिवसातून काही वेळ लागतो, जवळचं माणूस चोवीस तास. म्हणून किशोरवयीन मनू गांधींना नागपूरच्या तुरुंगातून इथे आणलं गेलं. पुढे जयप्रकाश नारायणांच्या पत्नी प्रभावतीही आल्या.

बांना आडवं पडलं की दम लागायचा. हृदय अशक्त झालं की असं होतं. पुढे झुकून बसलं की श्वास जरा मोकळा होतो. गांधीजींनी त्यांच्यासाठी खाटेवर ठेवायचं एक छोटं लाकडी टेबल करून घेतलं. त्यावर डोकं टेकून बा बसायच्या. बा गेल्यावर गांधीजी तेच टेबल जेवायला वापरत. धाप लागलेल्या पेशंटला असंच पुढे टेकवून बसवायला नर्सिंगमध्ये आजही शिकवतात.

बाकी गोष्टी सरकारच्या हातात होत्या. मदतीला माणूस हवं तर अर्ज, वैद्य हवा तर अर्ज. वैद्य शिव शर्मांना उपचाराची परवानगी मिळाली, पण रात्री आत थांबायची नाही. ते फाटकाबाहेर मोटारीत झोपत. शेवटी मुलगा देवदास यांनी विमानाने पेनिसिलीन मागवलं. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. यावर आजही वाद घालता येतो. पण तो प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी येतोच : या शरीराला आणखी किती त्रास द्यायचा? २२ फेब्रुवारी १९४४ ला संध्याकाळी बा गेल्या.

त्यानंतर वीसेक वर्षांत ही जवळच्या माणसाची नजर कागदावर आली. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या नर्स डोरीन नॉर्टन यांनी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचा अभ्यास केला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मलमांपेक्षा ठरावीक वेळाने कूस बदलणं जास्त कामाचं, असं त्यांना दिसलं. १९६३ मध्ये अमेरिकेत डॉ. सिडनी कॅट्झ यांनी सहा गोष्टींची यादी दिली : अंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठून बसणं, लघवी-शौचावर ताबा, जेवण. माणूस यातलं काय स्वतःचं स्वतः करतो? लहान मूल जे उशिरा शिकतं, ते म्हातारपणी बहुधा आधी सुटतं, हेही त्यांनी नोंदवलं.

माझी आजी घाटंजीला असते. फोनवर विचारलं की म्हणते, "बरी आहो. तू जेवला का?" या उत्तरातून काहीच कळत नाही. म्हणून मी आईला ते सहा प्रश्न विचारतो. मागच्या दिवाळीला आजी स्वतः अंघोळ करायची. आता पाणी घालून द्यावं लागतं, लुगडं नेसवावं लागतं. जेवते मात्र आपल्या हाताने. रिपोर्ट तेच आहेत, आजी बदललीय. यवतमाळला किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखवायला नेतो, तेव्हा डॉक्टरांना फाइलसोबत हेही सांगतो.

पण यादी कूस बदलत नाही, रात्री दोनला उठून पाणीही देत नाही. कैदेतल्या बांसाठी आळीपाळीने जागणारे निदान चार-पाच जण होते. आमच्या मोकळ्या घरात एकटी आई आहे, तीही साठीची. आजीची कूस कोण बदलतं हे आपण विचारतो. आईला झोप कधी मिळते, हा सातवा प्रश्न कोणत्याच यादीत नाही. म्हणून दर महिन्यात एक आठवडा मी लॅपटॉप घेऊन घाटंजीहून काम करतो. त्या सात रात्री आजीच्या खाटेजवळ मी झोपतो आणि आई आतल्या खोलीत, दार लावून.