पॅच क्लॅम्प म्हणजे काय? पेशीतली वीज कशी मोजतात?

हृदयाचा ठोका असो वा मेंदूचा संदेश, दोन्हींमागे पेशींतली वीज असते. पेशीच्या आवरणात प्रथिनांच्या सूक्ष्म वाहिन्या असतात. त्या उघडल्या की सोडियम, पोटॅशियमचे आयन ये-जा करतात आणि विद्युतप्रवाह वाहतो. एका वाहिनीतला प्रवाह असतो काही पिकोअँपिअर. एक पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग!

इतका सूक्ष्म प्रवाह १९७६ मध्ये जर्मनीच्या एर्विन नेहर आणि बर्ट झाकमान यांनी बेडकाच्या स्नायूपेशीवर मोजून दाखवला. १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

पद्धत कशी? सुमारे एक मायक्रोमीटर तोंडाची काचेची नळी पेशीवर टेकवतात आणि आतली हवा हलकेच ओढतात. आवरण काचेला घट्ट चिकटते, त्यामुळे प्रवाह बाजूने गळत नाही. वाहिनी उघडली-मिटली की आलेखात पायरी दिसते.

उपयोग काय? काही औषधे हृदयपेशींतली 'हर्ग' नावाची पोटॅशियम वाहिनी अडवतात. त्यामुळे ठोक्यांची लय बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. टर्फेनाडिन हे अ‍ॅलर्जीचे औषध अशाच धोक्यामुळे अमेरिकेत बंद झाले. म्हणूनच आता नवे औषध माणसांना देण्याआधी या वाहिनीवर तपासले जाते.