आकडे तेच, अर्थ निराळा

१८८१ साली अमेरिकेतील प्रुडेन्शियल या विमा कंपनीने एक नियम केला. कृष्णवर्णीय विमेदाराने हप्ता गोऱ्याइतकाच भरायचा. मात्र त्याच्या पश्चात घरच्यांना मिळणारी रक्कम एक तृतीयांशाने कमी. कारण एकच सांगितले गेले: हे लोक लवकर मरतात. १८८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने असा भेदभाव कायद्याने बंद केला. मग आपला हिशेब शास्त्राला धरून आहे, हे पटवून देण्याची गरज विमा व्यवसायाला भासू लागली.

ते काम फ्रेडरिक हॉफमन यांनी केले. जन्माने जर्मन असलेले हॉफमन प्रुडेन्शियलचे संख्याशास्त्रज्ञ होते. १८९६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या ‘वांशिक गुणधर्मां’वर तीनशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. क्षय, न्यूमोनिया, बालमृत्यू अशा कोष्टकांमागून कोष्टके त्यात होती. निष्कर्ष असा की, या मृत्यूंचे मूळ परिस्थितीत नसून वंशातच आहे आणि ही जमात हळूहळू नामशेष होणार. ग्रंथ अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने छापलेला, म्हणून त्याला मोठा मान मिळाला.

आकडे पुष्कळसे खरे होते. काळ्या वस्त्यांत माणसे खरोखरच अधिक मरत होती. खोटा होता तो आकड्यांतून काढलेला अर्थ. आणि खऱ्या आकड्यांवर उभा असलेला खोटा अर्थ खोडून काढणे फार अवघड असते.

हे अवघड काम अंगावर घेणाऱ्यांत अग्रणी होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. जन्म १८६८ चा, मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावचा. हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय; मधली दोन वर्षे बर्लिनला शिकून आलेले. १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डातील कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास करण्यासाठी नेमले. विद्वत्ता एवढी, पण विद्यापीठाने त्यांना शिकवण्यासाठी वर्ग काही दिला नाही.

ड्यू बॉइस नवपरिणीत पत्नीसह त्याच वस्तीत एका खोलीत राहायला गेले आणि प्रश्नावली घेऊन स्वतः दारोदार फिरले. सुमारे अडीच हजार कुटुंबे, साडेनऊ हजारांवर माणसे. घरात खोल्या किती, भाडे किती, काम काय, आजार कोणते, हे सारे त्यांनी टिपून घेतले. त्यांनी नोंदवलेल्या २४४१ कुटुंबांपैकी न्हाणीघर आणि शौचकूप यांची सोय होती फक्त ३३४ कुटुंबांना. म्हणजे शंभरात चौदासुद्धा नाहीत.

या फिरण्यातूनच त्यांना उत्तराची दिशा मिळाली. वंश हेच मृत्यूचे कारण असेल, तर एकाच शहरातील कृष्णवर्णीयांचा मृत्युदर सर्वत्र साधारण सारखा यायला हवा. तसा तो येत नव्हता. गलिच्छ, कोंदट वॉर्डातील कृष्णवर्णीयांचा मृत्युदर चांगली घरे आणि स्वच्छ रस्ते असलेल्या वॉर्डातील कृष्णवर्णीयांच्या दुपटीहून अधिक होता. वंश एकच, बदलले होते ते घर, पाणी आणि हवा.

१८९७ मध्ये हॉफमन यांच्या ग्रंथाचे परीक्षण करताना त्यांनी दुसरा मुद्दा मांडला. नेपल्स, माद्रिद, बुडापेस्ट, बेलफास्ट या युरोपीय शहरांतील मृत्युदर अमेरिकन शहरांतील कृष्णवर्णीयांच्या मृत्युदराच्या बरोबरीचे, कधी त्याहूनही जास्त होते. मग तेथील गोरेही नामशेष होणार, असे कोणी का म्हणत नाही? त्याच वर्षी हॉवर्ड विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक केली मिलर यांनीही हॉफमन यांचा स्वतंत्रपणे समाचार घेतला.

ड्यू बॉइस यांनी आपल्या लोकांची भलामण केली असे मात्र नाही. आरोग्याच्या नियमांबाबतची हेळसांड, इस्पितळाची धास्ती यांवरही त्यांनी लिहिले. काही ठिकाणी तर त्यांचा सूर आज उपदेशाचा वाटतो. पण सवयींनाही इतिहास असतो, हे ते जाणून होते. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम तीस वर्षे झाली होती. कृष्णवर्णीय डॉक्टर नेथन मॉसेल यांना फिलाडेल्फियात १८९५ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाने वेगळे इस्पितळ काढावे लागले, यातच बरेच काही येते.

सर्वेक्षणाचा ग्रंथ, ‘द फिलाडेल्फिया निग्रो’, १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात अटलांटा येथे ड्यू बॉइस यांचा पहिला मुलगा बरहार्ट घटसर्पाने गेला. वय पुरते दोन वर्षेही नव्हते. घटसर्पावरचे प्रतिविष तेव्हा निघाले होते. पण अटलांटात कृष्णवर्णीय डॉक्टर मोजकेच आणि गोरा डॉक्टर काळ्या घरात येईलच याची खात्री नसलेला तो काळ. ज्या कोष्टकांशी बाप झुंजत होता, त्यांतल्या बालमृत्यूंच्या रकान्यात त्याच्या स्वतःच्या घरचा एक आकडा वाढला.

तरीही काम थांबले नाही. १९०६ मध्ये अटलांटा विद्यापीठाच्या अकराव्या परिषदेतून त्यांच्या संपादनाखाली कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या आरोग्यावरील अहवाल निघाला. त्याचे सार असे: लोकसंख्येची विभागणी आर्थिक आणि सामाजिक स्थितीनुसार केली, तर वंशाचा म्हणून दिसणारा फरक जवळजवळ उरत नाही, स्वच्छता, शिक्षण आणि कमाईची संधी मिळाली की मृत्युदर उतरत जाईल.

या विचाराचा धागा पुढच्या संशोधकांनी उचलला. १९८५ मध्ये अमेरिकी सरकारच्याच अहवालाने मान्य केले की, आरोग्यातील या दरीपायी अल्पसंख्याकांत दरवर्षी सुमारे ६०,००० जादा मृत्यू होतात. १९९७ मध्ये रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातील जन्मनोंदी तपासल्या. गोऱ्या अमेरिकन मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३४४६ ग्रॅम, अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३०८९ ग्रॅम. आणि आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या मातांच्या बाळांचे? ३३३३ ग्रॅम, म्हणजे गोऱ्यांच्या अधिक जवळ. दोष रक्तात असता, तर आफ्रिकेतून आलेल्या आईचे बाळ सर्वांत लहान असायला हवे होते. पुढे त्यांना असेही दिसले की, स्थलांतरितांची ही आघाडी अमेरिकेत वाढलेल्या पुढच्या पिढीत घटते. अभ्यासकांचा कल आता असा की, गरिबीच्या जोडीला रोजचा अपमान आणि त्याचा ताणही शरीर झिजवतो.

या इतिहासाशी मराठी माणसाचा धागा जुना आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतील गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला शिकायला गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. अस्पृश्यांचा प्रश्नही तेथे न्यावा, असा विचार होता. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर दिले, मदतीची तयारी दाखवली आणि अस्पृश्यांविषयी सहानुभूती कळवली.

या दोघा विद्वानांना जोडणारा प्रश्न आपल्याही घरातला आहे. एखाद्या वस्तीत आजार फार, मुले अशक्त, माणसे अकाली जातात, असे ऐकले की आपल्या तोंडून सहज निघते, “त्यांच्यात असेच असते.” हॉफमन यांनी तीनशे पानांत तेच म्हटले होते. ड्यू बॉइस मात्र त्या घरांचे जिने चढले आणि त्यांनी विचारले, पाणी कुठून आणता? खोलीत किती जण झोपता? भाडे किती भरता? आकडे दोघांकडे जवळपास तेच होते. फरक पडला तो दारात जाऊन विचारण्याने.