वाघाच्या वासाचा मागोवा

झाशीचा किल्ला पाहायला गेलेले मराठी पर्यटक ओरछा-खजुराहो करून परततात. त्याच वाटेने थोडं पुढे गेलं की पन्ना. 2009 साली या जंगलात एकही वाघ उरला नव्हता. बांधवगड आणि कान्हाहून टी-1 आणि टी-2 या दोन वाघिणी आणल्या, नोव्हेंबरात पेंचहून नर आणला. नाव टी-3. हा पठ्ठ्या थोड्याच दिवसांत निघाला, तो थेट दक्षिणेला, पेंचच्या दिशेने. महिनाभर माणसं आणि हत्ती त्याच्या मागावर. डिसेंबरअखेर परत आणल्यावर क्षेत्रसंचालक श्रीनिवास मूर्ती यांनी भोपाळच्या वनविहारातून वाघिणीचं मूत्र मागवलं आणि त्या वासाने नर थांबावा म्हणून जंगलात शिंपडायला लावलं. सरकारी फायलीत ही मागणी कोणत्या शब्दांत गेली असेल, कोण जाणे! 16 एप्रिल 2010 रोजी टी-1 व्याली.

या युक्तीचं मूळ जुनं आहे. शेपूट उभारून बुंध्यावर फवारा मारणारे वाघ प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी साठच्या दशकात कान्हात टिपले होते. माजावर येताना वाघीण असे फवारे जास्त मारते. पण त्यात असतं काय? कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले रतनलाल ब्रह्मचारी यामागे लागले. ओडिशातल्या सिमलीपालचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांच्या जशीपूरच्या घरात खैरी नावाची वाघीण वाढत होती, त्यामुळे वास जवळून घ्यायची सोय झाली. फवाऱ्यातले स्निग्ध पदार्थ वास धरून ठेवतात, म्हणून तो कित्येक दिवस टिकतो. आणि वास कसला, तर बासमतीचा! 2-असेटिल-1-पायरोलिन हा रेणू दोन्हींत सापडल्याचं 1990 साली ‘नेचर’मध्ये छापून आलं. आपला आंबेमोहोर शिजताना दरवळतो तोही याच रेणूमुळे.

वासानंतर अभ्यासाचा पुढचा टप्पा विष्ठेचा. वाघाला न पकडता, न बेशुद्ध करता तिच्यातून संप्रेरकांचे अंश मोजता येतात. हैदराबादच्या ‘लाकोन्स’ प्रयोगशाळेच्या संशोधकांनी कान्हा आणि बांधवगडमधल्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकाचे अंश तपासले. 2019 साली निष्कर्ष आला: पर्यटनाच्या हंगामात ताण वाढतो. पन्नाच्या टी-1 आणि टी-2 मूळच्या याच दोन जंगलांतल्या.

आता पन्नाच्या गाभ्यात केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाचं दौधन धरण होतंय. त्याचं पाणी झाशी जिल्ह्यालाही मिळायचं आहे. वाहनांच्या वर्दळीने ज्या वाघांचा ताण वाढतो, त्यांच्याजवळ आता सुरुंग आणि डंपर असतील. तेव्हा बांधकाम चालेल तितकी वर्षं दर हंगामात पन्नाच्या वाघिणींची विष्ठा तपासावी आणि आकडे जाहीर करावेत. धरणाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.