खाली म्हणजे नेमके कुठे?

सहा वर्षांपूर्वी परिचारिकांच्या अभ्यासक्रमाला पूरक अशी एक पुस्तिका मी इंग्रजीतून मराठीत आणली. विषय अगदी प्राथमिक होता: शरीराचे भाग, दिशा, छेद आणि पोकळ्या. मी वैद्यकातला माणूस नव्हे. आयुष्य भाषांतरात गेले, आणि ऐंशी पानांचे हे काम महिनाभरात उरकेल असे वाटले होते. तसे ते उरकलेही. पुस्तिका छापली, वाटली, आणि मी ती विसरून गेलो.

वर्षभराने एका तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या परिचारिकेचे पत्र आले. आंतरदेशीय पत्रावर, सुवाच्य अक्षरात. "सर, पान बारावर तुम्ही 'अधर बाजू (खालची)' असं लिहिलंय. मुली विचारतात, खालची म्हणजे पायाकडची की पोटाकडची? पेशंट उताणा असेल तर पोट वर येतं. पालथा असेल तर खाली जातं. मी काय सांगू?"

मूळ इंग्रजीत शब्द होता 'व्हेंट्रल'. मी तो 'अधर' केला आणि कंसात अर्थ दिला. आधार भक्कम होता. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मराठी विश्वकोशात प्राण्यांच्या नोंदींमध्ये 'अधर' आणि त्याशेजारी 'खालची' असे जागोजागी आढळते. बेडूक, मासा, पाल यांच्या बाबतीत ते चोख आहे. त्यांचे पोट खालीच असते. माणसाचे नसते. संस्कृतात 'अधर' म्हणजे खालचा. त्यावरून खालचा ओठ, आणि पुढे काव्यात नुसताच ओठ. परिचारिकांच्या वर्गात मी बेडकाचा शब्द माणसाला चिकटवला होता, आणि जिथे इंजेक्शनची जागा शिकवतात तिथे हा घोटाळा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

पत्राचे उत्तर लगेच द्यायला हवे होते. त्याऐवजी मी हे शब्द आले कुठून ते शोधत बसलो. ही माझी जुनी खोड. पण त्या शोधात एक गोष्ट लक्षात आली: शरीराच्या दिशांना नाव देणाऱ्याच्या समोर कोणते शरीर होते आणि ते कसे ठेवलेले होते, याची खूण त्या नावातच राहते.

रोमच्या साम्राज्यात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेन नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. पेर्गामोन गावी तो ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधत असे, म्हणजे माणसाचे उघडे शरीर त्याने पाहिले होते. पण पद्धतशीर विच्छेदन त्याने केले ते माकडांचे आणि डुकरांचे. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक अद्भुत जाळे असते असे त्याने लिहिले. ते खुरांच्या प्राण्यांत असते, माणसात नसते. छातीच्या मधल्या हाडाचे सात तुकडे त्याने सांगितले; माणसात तीन. तरी पुढची साडेतेराशे वर्षे युरोपातले विद्यार्थी ते जाळे आणि ते सात तुकडे पाठ करत होते.

दुसरे शरीर बोलोन्यातले. तिथे मोंदिनो दे लुत्सी याने 1316 च्या सुमारास विच्छेदनाचे एक पाठ्यपुस्तक लिहिले. त्याच्यासमोर माणसाचे प्रेत होते, पण ते फार काळ टिकत नसे. म्हणून क्रम ठरला तो कुजण्याच्या वेगाने: आधी पोट, मग छाती, मग डोके, शेवटी हातपाय. लॅटिनमध्ये पोटाला 'व्हेंटर' म्हणतात. 'व्हेंट्रल' त्यातूनच आला. त्या काळी शरीरात तीन व्हेंटर मानत: खालचे, मधले आणि वरचे. थोडक्यात, कवटी हेही एक पोटच! आज आपण उदरगुहा, वक्षगुहा, कर्परगुहा असे शिकवतो, त्या वाटणीमागे हे नाक मुठीत धरून केलेले वेळापत्रकही आहे. मला ही वाटणी आवडते. पोकळी म्हणजे ज्यात काही साठवले आहे ते पात्र, हे तिला नेमके कळले होते. श्रोणीचे लॅटिन नाव 'पेल्व्हिस', म्हणजे पसरट भांडे, घंगाळ. मांडीचे हाड ज्या खोबणीत बसते तिचे नाव 'अ‍ॅसिटॅब्युलम', म्हणजे व्हिनेगरची वाटी. रोमन स्वयंपाकघरातली निम्मी भांडी या शास्त्रात सापडतात. आपणही काही वेगळे केले नाही. 'ओटीपोट' हा शब्द पहा. पदराची ओटी जिथे धरतात ते पोट. कुठल्याही समितीला इतका नेमका शब्द सुचला नसता.

मग प्रेत उभे राहिले. 1543 साली बासेलमध्ये आंद्रेआस व्हेसालियसचा ग्रंथ छापला गेला. त्यातली स्नायूंची माणसे टेबलावर पडलेली नाहीत. मोकळ्या माळावर, मागे डोंगर आणि गाव असताना, ती उभी आहेत. पानागणिक एकेक थर सोलला जातो आणि माणूस उभाच राहतो, शेवटी शेवटी तर दोरीच्या आधाराने. गेलेनने माणसाचे नव्हे तर जनावरांचे शरीर वर्णिले आहे, हे व्हेसालियसने याच ग्रंथात जाहीरपणे मांडले. वाद झाला तो त्यावर. पण माझ्या पत्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते उभे राहणे. आडव्या प्रेताचे पोट 'वर' असते. उभ्या माणसाचे 'पुढे'.

आज शरीररचनाशास्त्र ज्या ठरीव स्थितीतून सगळ्या दिशा मोजते ती अशी: माणूस सरळ उभा, नजर समोर, पाय जुळलेले, हात बाजूला सोडलेले आणि तळहात पुढे. असे कोणी उभे राहत नाही. करून पहा, हात आपोआप मांडीकडे वळतात. मग तळहात पुढेच का? कारण कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे आहेत. हात उताणा असला की ती समांतर राहतात. पालथा केला की अंगठ्याकडचे हाड दुसऱ्यावर आडवे जाते. बाहेरची बाजू कोणती आणि आतली कोणती हे कायम राहायला हवे असेल तर हात उताणाच धरावा लागतो. उताणा आणि पालथा हे शब्द मराठीत रुग्णाला, हाताला आणि वाटीलाही चालतात. तळहाताच्या उलट बाजूला आपल्याकडे 'मळहात' हा सुंदर शब्द होता. हल्ली तो ऐकू येत नाही.

छेदांची नावे याहून मजेशीर. शरीराचे डावे-उजवे भाग पाडणाऱ्या छेदाला 'सॅजिटल' म्हणतात आणि पुढचा-मागचा भाग वेगळा करणाऱ्याला 'कोरोनल'. सॅजिटा म्हणजे बाण, कोरोना म्हणजे डोक्यावरची माळ किंवा मुकुट. दोन्ही नावे कवटीच्या सांध्यांची आहेत. एक सांधा डोक्यावर आडवा जातो, जिथे माळ टेकेल तिथून. दुसरा त्यावर मागून येऊन टेकतो, धनुष्याला लावलेल्या बाणासारखा. दोघे भेटतात तिथे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर मऊ जागा असते. तिला आपण टाळू म्हणतो. टाळू भरण्यासाठी आजी ज्या जागी तेल जिरवते, नेमक्या त्याच जागेवरून जगभरच्या सीटी स्कॅनमधल्या दोन छेदांची नावे निघाली आहेत.

माणूस उभा राहिला तरी पेच सुटला नाही, कारण जनावर चार पायांवरच राहिले. घोड्याचे डोके 'पुढे' आहे, माणसाचे 'वर'. दोघांच्या शरीराची तुलना करायची तर एकच शब्द दोन अर्थांनी वापरावा लागे. एडिंबरामधल्या जॉन बार्कले या शिक्षकाला हे सहन झाले नाही. 1803 मध्ये त्याने केवळ दिशावाचक शब्दांवर एक पुस्तक काढले. त्याचे म्हणणे असे की वर, खाली, पुढे, मागे हे शब्द टाकूनच द्या. शरीरातल्याच ठिकाणांवरून दिशा सांगा. मानेच्या पहिल्या मणक्याला अ‍ॅटलास म्हणतात, म्हणून त्याकडची बाजू 'अ‍ॅटलांटल'. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीकडची 'सेक्रल'. मग घोडा असो, माणूस असो, कुशीवर वळलेला असो, शब्द बदलत नाही. हा बार्कले तुलनात्मक शरीररचनेने इतका झपाटलेला होता की त्या विषयाचे अध्यासन विद्यापीठात व्हावे यावरून वाद पेटला, तेव्हा 1817 साली जॉन के या व्यंगचित्रकाराने त्याला हत्तीच्या सांगाड्यावर बसवून विद्यापीठाच्या दारात आणले. त्याचे बहुतेक शब्द लोकांनी टाकून दिले. टिकले ते मुख्यतः हातपायांसाठीचे 'प्रॉक्सिमल' आणि 'डिस्टल', म्हणजे धडाजवळचा आणि धडापासून दूरचा. माझ्या मते त्याचा विचार त्याच्या शब्दांपेक्षा सरस होता. लोकांना दोनशे नवे शब्द नको असतात, दोन चालतात.

सुश्रुतसंहितेच्या परंपरेत हा विचार फार आधी दिसतो. तिथे शरीर षडंग आहे: चार शाखा, मध्य आणि शिर. गळ्याच्या हाडांना जत्रु म्हणतात, आणि डोळे, कान, नाक, डोके यांच्या रोगांना 'ऊर्ध्वजत्रुगत'. इथे 'ऊर्ध्व' आहे, पण एका हाडाच्या हिशेबाने. रोगी आडवा पडला म्हणून त्याचा डोळा जत्रूच्या खाली जात नाही.

बार्कलेनंतर नावांचा पूरच आला. एकेका अवयवाला देशागणिक, शिक्षकागणिक नावे. 1895 मध्ये जर्मन शरीररचनातज्ज्ञांची संस्था बासेल येथे जमली आणि सुमारे 50,000 नावांतून 5,000 च्या आतबाहेर नावे राखून बाकीची निकाली काढली. तिथे उभा माणूस जिंकला. 1935 मध्ये येना येथे पारडे फिरले; प्राणिशास्त्राशी जुळावे म्हणून पुढे-मागेच्या जागी पोटाकडचा-पाठीकडचा आणि वर-खालीच्या जागी डोक्याकडचा-शेपटीकडचा असे शब्द आले. माणसाला शेपूट नसताना! 1955 मध्ये पॅरिसने पुन्हा माणूस उभा केला. पशुवैद्यांनी 1968 मध्ये आपली वेगळी यादी छापली, आणि दोन्ही घरे सुखी झाली.

डाव्या-उजव्याचा प्रश्न मात्र याद्यांनी सुटण्यातला नव्हता. उजवा म्हणजे रुग्णाचा उजवा, पाहणाऱ्याचा नव्हे, हे पहिल्याच तासाला शिकवतात आणि तरी चूक होते. बासेलच्या त्याच 1895 सालाच्या अखेरीस रॉन्टगेनने क्ष-किरण जाहीर केले, आणि उलटीसुलटी कशीही धरता येईल अशी शरीराची छायाच हातात आली. म्हणून फिल्मवर शिशाचे अक्षर उमटवतात. शस्त्रक्रियेची बाजू रुग्णाच्या अंगावर आधीच खूण करून ठेवा, हे जागतिक आरोग्य संघटनेला 2008 च्या तपासणी यादीत लिहावे लागले. संस्कृतात गंमत उलटी आहे. तिथे दिशांचीच नावे शरीरावरून पडली: उगवतीकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस, त्याच्या पुढे पूर्व, मागे पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण. त्या हिशेबाने आपले अवघे दख्खन म्हणजे कोणाचा तरी उजवा हात.

परिचारिकेला मी उत्तर लिहिले तेव्हा दोन महिने होऊन गेले होते. क्षमा मागून कळवले, 'अधर' खोडा. धडावर पोटाच्या बाजूला 'पुढील' आणि पाठीच्या बाजूला 'मागील' म्हणा. रुग्ण कसाही झोपला तरी तो उभा आहे असे समजा. दुसऱ्या आवृत्तीत अकरा ठिकाणी दुरुस्ती केली. जिभेची 'पृष्ठबाजू' ठेवावी लागली. आरशात दिसते ती जिभेची पाठ, हे त्या चारपायी शरीराचे देणे आहे आणि ते जगभर चालते. शिवाय सुरुवातीला एका माणसाचे रेखाचित्र घातले: उभा, तळहात पुढे, डावा-उजवा लिहिलेला.

प्रूफ आले तर चित्रातले 'डावा' आणि 'उजवा' अदलाबदल झालेले. मी लाल शाईने खुणा करून पाठवले. दुसऱ्या प्रुफात पुन्हा तेच. शेवटी अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाने फोन केला. "साहेब, तुमचं उलटं पडलं होतं, म्हणून मीच दोनदा नीट केलं."

मी म्हटले, "अरे, तो माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे."

तो जरा थांबला. "मग असं आधी सांगायचं ना."

त्या चित्राखाली आता तेच वाक्य आहे.