यंत्राची मृत्युपूर्व जबानी

भिवंडींतील मागवाल्याला धागा कोठें तुटला हें फार शोधावें लागत नाहीं. बाण्याचा धागा तुटला कीं सुस्थितींतला माग आपोआप थांबतो आणि दोष कापडावरच दिसतो. त्याच गांवाच्या आसमंतांतील गोदामांत मालाचा हिशेब आतां संगणक ठेवतात. संगणकाचा मूळ कारभारी, ज्याला कर्नेल म्हणतात, तो कोसळला तर असें तुटकें टोंक हातीं लागत नाहीं. यंत्र पुन्हां सुरू केलें कीं मागचें सारें स्मरण पुसलें जातें. मग मरणाऱ्या यंत्रानें आपली जबानी ठेवावी कोठें?

आरंभीं हा प्रश्न इतका बिकट नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला संगणक १९६० सालीं कार्यान्वित झाला; १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्याची स्मृति फेराइटच्या बारीक कड्यांची होती, आणि त्या कड्या उभ्याआडव्या तारांत ओंवलेल्या होत्या. विणकराला तें जाळें पाहून ताणाबाणाच आठवला असता. चुंबकत्व विजेवांचून टिकतें. म्हणून त्या काळच्या अशा यंत्रांचें काम अडलें तरी कड्यांतील मजकूर जागच्या जागीं राही व तो कागदावर उतरून घेतां येई. त्या उताऱ्याला ‘कोअर डंप’ म्हणत. कड्या गेल्या, नांव मात्र राहिलें.

१९७० नंतर अर्धवाहकांची स्मृति आली. ती स्वस्त आणि चपळ, पण वीज जातांच सर्व विसरणारी. याच सुमारास बेल प्रयोगशाळेंत युनिक्स ही प्रणाली वाढत होती. मल्टिक्स या जुन्या प्रणालीवर काम करणारे टॉम व्हॅन व्हलेक यांनीं सांगितलेली हकीकत मार्मिक आहे. आपलें निम्मेंअधिक लेखन चुका सांवरण्यांतच खर्ची पडतें, असें ते डेनिस रिची यांना म्हणाले. रिची उत्तरले कीं आम्हीं तें सगळें गाळलें. चूक झाली कीं ‘पॅनिक’ नांवाचा भाग यंत्र थांबवितो, आणि यंत्र पुन्हां चालू करा अशी हांक मारायची! हें उत्तर बेफिकिरीचें वाटेल. पण ज्याच्या शुद्धीचा भरंवसा नाहीं त्या कारभाऱ्यानें चोपड्यांत आणखी लिहूं नये, हा विचार शहाणपणाचाच होता. शिवाय तेव्हां अखेरचे शब्द टेलिटाइपच्या कागदावर छापले जात आणि कागद मागें उरे. पुढें कांचेचा पडदा आला व ते शब्द पडद्याबरोबरच मावळूं लागले.

लिनक्सची अडचण नेमकी येथेंच होती. कर्नेल आपले संदेश स्मृतींतल्या एका वर्तुळाकार वहींत टिपतो. तेथून तबकडीवर नेण्याचें काम दुसऱ्याच प्रक्रियेचें. पॅनिक झाला म्हणजे तिची पाळीच येत नाहीं, आणि सर्वांत महत्त्वाच्या शेवटच्या ओळी नेमक्या हरवतात. बिघडलेल्या कर्नेलकडूनच तबकडीवर लिहवून घेण्याचे प्रयत्न झाले; पण थरथरत्या हातानें दुसऱ्याचें खातें खरडलें जाण्याची भीति त्यांत होती. कांहींनीं संदेश तारेनें शेजारच्या यंत्राकडे धाडले.

२००५ सालीं निराळी तोड निघाली. स्मृतीचा एक कोपरा आधींच राखून तेथें दुसरा, निरोगी कर्नेल निजवून ठेवायचा. पहिला कोसळतांच त्यानें उठून, वीज न तोडतां, मृताच्या स्मृतीचा पंचनामा करायचा. ‘केडंप’ या योजनेवरील निबंध एरिक बीडरमन यांच्यासह आयबीएमच्या विवेक गोयल व हरिप्रसाद नेल्लीतीर्थ यांनीं त्याच वर्षीं ओटावा येथील परिषदेंत मांडला. राखीव जागा एरवीं रिकामी पडते, हें तिचें मोल.

तें मोल जास्त आहे असें १९ जुलै २०२४ नंतर कोणी म्हणूं नये. एका सुरक्षा-आज्ञावलीच्या सदोष भरणीनें विंडोजचीं सुमारें ८५ लाख यंत्रें कोसळलीं; भारतांतहि कांहीं विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले पास द्यावे लागले. आज्ञावलीनें आपल्या हद्दीबाहेरची स्मृति वाचली, हें मायक्रोसॉफ्टला अशाच पंचनाम्यांतून दाखवितां आलें.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत आलेल्या लिनक्सच्या ६.१२ या आवृत्तींत अखेरची हकीकत क्यूआर चौकोनाच्या रूपानें पडद्यावर उमटविण्याची सोय झाली. बाजारांत पैसे देतांना ज्यावर फोन धरतात तसाच हा ठिपक्यांचा चौकोन. त्याचें छायाचित्र घ्यावें आणि मग खुशाल यंत्र बंद करावें.